वरच्या साहेबांचे सावकाश खून

इतक्या सावकाश खून करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पहिल्या प्रकरणात, नाश्ता व्हायच्या आत, माणूस मारून मोकळे होणारे लेखक पुष्कळ असतात. आमच्या वरच्या साहेबांना एका खुनाला एकशे चाळीस पानं लागत. एका कादंबरीत एका निवृत्त शाळामास्तराला विष घालायचं होतं. साहेबांनी त्याला आधी संधिवात दिला, मग संधिवातावर औषध दिलं, मग रोज सकाळी चालणं व्हावं म्हणून एक कुत्रा दिला, आणि मग कुत्र्याची सोय लागल्याशिवाय मास्तरला मारणं त्यांना बरं वाटेना. मी टाईप करत होतो. शेवटी कंटाळून विचारलं, साहेब, हा मरणार तरी कधी? त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली, खिडकीबाहेर शारजाच्या दिशेला अडकलेल्या गाड्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "पुढच्या आठवड्यात, इन्शाल्ला."

साहेब इंग्रज होते. रहस्यकथा लिहीत आणि जोडीला निबंध लिहीत. दुबईतल्या अल कुसैसच्या आमच्या इमारतीत ते आमच्यावर दोन मजले सोडून राहत, म्हणून आमच्या घरात त्यांचं नाव ‘वरचे साहेब’ पडलं आणि पुढे इमारतीतल्या सगळ्या मराठी घरांत तेच रूढ झालं. ह्या अंकाच्या वाचकांपैकी फार थोड्यांनी त्यांना पाहिलं असेल. वाचलंय मात्र सगळ्यांनी. आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात सतरा वर्षं वजनमापे निरीक्षक केळूसकरांच्या रहस्यकथा माझ्या नावाने येत होत्या. त्या माझ्या नव्हत्या. एकूण एक कथा साहेबांची होती. मी त्यांचं मराठी केलं, गावं बदलली, माणसांची नावं बदलली आणि वर माझं नाव घातलं. आता मंडळ त्या कथांचं पुस्तक काढतं आहे. त्याचं मुखपृष्ठ तयार आहे आणि त्यावर माझं नाव केळूसकरांच्या नावापेक्षा मोठं आहे. ते छापून व्हायच्या आत हे लिहिणं भाग आहे. माझं वय सत्याहत्तर. खरं सांगायचं तर आता खोटं सांभाळण्याचीही ताकद राहिलेली नाही.

साहेबांची आणि माझी ओळख अबू धाबीकडच्या रुवैसची. तिथल्या तेलाच्या कारखान्यात आम्ही दोघं कागदपत्रांच्या खात्यात होतो. ते अपघातांचे अहवाल लिहीत, मी टाईप करून फाईलला लावी. बाहेर वाळू, आत अठरा अंशांवर लावलेला एसी, आणि त्या एसीत राखाडी स्वेटर घालून, टाय लावून बसलेले साहेब. तेलाचं एक पिंप कलंडलं तरी त्यांचा अहवाल अठरा पानी व्हायचा. पिंप कोणी ठेवलं, त्याआधी तिथे काय होतं, ठेवणाऱ्याने सकाळी चहा घेतला होता का, नसेल तर का नाही. मॅनेजर दोन पानं मागत. साहेब म्हणत, दोन पानांत फक्त पिंप बसतं, माणूस बसत नाही. त्यांच्या अहवालात चूक करणाऱ्याचं नाव कधीही नसे. तो त्यांचा नियमच होता. "नाव लिहिलं की लोक चौकशी थांबवतात," असं ते म्हणत, "आणि नाव हे काही कारण नव्हे." शेवटी ठरावीक रकाने असत: काय घडलं, इजा, नुकसान, मूळ कारण, पुढील कारवाई, कारवाई कोणी करायची आणि कधीपर्यंत. हे रकाने वाचकांनी लक्षात ठेवावेत, पुढे लागणार आहेत.

दुपारच्या सुट्टीत ते कादंबरी लिहीत. पेन्सिलने, कारखान्याच्या बाद झालेल्या फॉर्मांच्या पाठीवर. त्यांचा गुप्तहेर म्हणजे वजनमापे खात्यातला एक निवृत्त निरीक्षक. हा माणूस पळत नसे, पिस्तूल बाळगत नसे. खिशात पितळेचं एक छोटं वजन ठेवी आणि कोणी खोटं बोलू लागलं की ते हातात घेऊन उगाच तोलत बसे. इंग्लंडमधला एक लहानसा प्रकाशक ह्या कादंबऱ्या छापत असे. त्या कोण वाचत असे ते साहेबांनाही नक्की माहीत नव्हतं. निबंध त्यांच्या बहिणीच्या गावच्या पत्रकात येत: निवत चाललेल्या चहावर, लिफ्टची वाट पाहण्यावर, दुसऱ्याची खुर्ची उसनी आणण्यावर. कडक चहावर त्यांनी एक निबंध लिहिला होता. हा चहा नसून सार आहे, असं त्यात सिद्ध केलं होतं, आणि तो निबंध लिहिताना दिवसाला तीन कप कडक प्यायले होते. आपल्याकडे कॅफेटेरियासमोर गाडी उभी करून हॉर्न वाजवला की चहा गाडीत येतो. साहेबांना ते मंजूर नव्हतं. भर जुलैत टाय लावलेला हा माणूस गाडीतून उतरून काउंटरपाशी रांगेत उभा राही. रांग नसली तर एकटेच रांग लावत. त्यांच्या मागे कोणी उभं राहिलं की त्यांना मनापासून समाधान वाटे.

निवृत्त झाल्यावर मी कुटुंबासह दुबईला आलो, कारण मुलाची शाळा ऊद मेथाला होती आणि भाडं परवडेल अशी जागा कुसैसमध्ये होती. सहा महिन्यांनी वरच्या मजल्यावर सामान चढताना दिसलं. पुठ्ठ्याच्या खोक्यांवर साहेबांचं अक्षर. इंग्रज लोक समुद्राकाठी बंगल्यात राहतात, तुम्ही इथे कसे, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले की समुद्र मिळतो, टायपिस्ट मिळत नाही. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेली होती, मुलंबाळं नव्हती. शारजातल्या एका संस्थेत ते यंत्रांची माहितीपत्रकं तपासायला जात, उरलेला वेळ खून करत. आमचा व्यवहार सरळ होता. मी त्यांच्या कादंबऱ्या टाईप करायच्या आणि त्यांनी माझ्या मुलाचे इंग्रजी निबंध तपासायचे. एकदा ‘माझा आवडता प्राणी’ ह्या निबंधाच्या पहिल्याच वाक्यात मांजर मेलेलं आढळलं आणि ते कसं मेलं हे शेवटपर्यंत कळत नव्हतं. बाईंनी मला शाळेत बोलावून घेतलं. साहेबांचं म्हणणं पडलं की बाई शेवटपर्यंत वाचत गेल्या ना, मग झालं तर.

शेजारी म्हणून ते अवघड होते. लिफ्टमध्ये भेटले की कथेचं बोलणं सुरू करत. "त्या बाईला उद्या सकाळी संपवतो, आज तिच्या बहिणीकडे पाहुणे आहेत," असं ते एकदा मला शांतपणे म्हणाले. शेजारी तिसऱ्या मजल्यावरच्या हैदराबादी खाला उभ्या होत्या. त्यांना इंग्रजी चांगलं येत असावं, कारण पुढे महिनाभर त्या जिन्याने गेल्या. कथेतली प्रत्येक युक्ती साहेब आधी स्वतः करून पाहत. दोऱ्याने बाहेरून कडी लावता येते का, हे पाहताना कडी लागली, दोरा तुटला आणि साहेब ऑगस्टच्या दुपारी पंचा गुंडाळून बाहेरच्या बोळात अडकले. त्यांनी आमची बेल वाजवली. ही दार उघडायला गेली, तशीच परत आली आणि मला म्हणाली, "अहो, तुम्ही जा. वरचे साहेब कपड्यांशिवाय आलेत, पण गुड आफ्टरनून म्हणतायत." कुलूप उघडायला इमारतीचा एसीवाला आला. हा संगमेश्वरकडचा, सोनापूरच्या कामगार वस्तीत कंपनीच्या खोलीत राहणारा मराठी माणूस. त्याने दार उघडून दिल्यावर साहेबांनी त्याला आत बसवून चहा दिला आणि संध्याकाळपर्यंत त्या घटनेचा सहा पानी अहवाल लिहिला. मूळ कारण: दोरा हलक्या प्रतीचा.

आता माझं.

त्या वर्षी मंडळाच्या अंकाला मजकूर कमी पडत होता. तेव्हाच्या संपादकांनी मला विचारलं, तुम्ही टाईपचं काम करता, काहीतरी द्या. मी साहेबांची एक छोटी कथा मराठीत केली. इंग्रजी खेडं होतं ते मी देवरुखच्या बाजूला नेलं, चर्चचं मारुतीचं देऊळ केलं, पाद्र्याचा गुरव केला आणि वजनमापे निरीक्षकाला केळूसकर हे नाव दिलं. साहेबांना विचारलं नाही. अंक हातात आला की दाखवू, गंमत वाटेल, असा विचार होता. कथेच्या तळाला मी एक ओळ लिहिली होती, की मूळ कथा इंग्रजी असून ती माझे शेजारी अमुक यांची आहे. अंक आला तेव्हा ती ओळ नव्हती. एका सराफाने ऐन वेळी जाहिरात अर्ध्या पानाची केली होती आणि जागेसाठी शेवटची ओळ उडवली गेली होती. मी संपादकांना फोन लावायला घेतला, पण तेवढ्यात मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला निघायची वेळ झाली. तिथे एका बाईंनी मला थांबवून विचारलं, "काका, तुम्हाला हे सुचतं तरी कसं?" मी तीस वर्षं दुसऱ्यांचा मजकूर टाईप केला होता. एवढ्या वर्षांत कुणी मला काही सुचतं का असं विचारलं नव्हतं. मी नुसता हसलो. पाप म्हणतात ते तेवढंच होतं, पुढची सोळा वर्षं म्हणजे त्या हसण्याचं शेपूट.

साहेबांना अंक दाखवायचं राहून गेलं.

दुसऱ्या वर्षी लोकांनी केळूसकर मागितले. साहेबांच्या एका कथेत बर्फात पावलं उमटलेली होती, फक्त डाव्या पायाची, जाणारी, परतीची नव्हे. कोकणात बर्फ कुठून आणणार? मी भाताची गिरणी घेतली आणि जमिनीवर पसरलेल्या कोंड्यात पावलं उमटवली. आमच्या चित्रकाराने ते चित्र फार छान काढलं. कोंड्याचा पांढुरका गालिचा आणि त्यावर एका पायाच्या अकरा खुणा. सगळ्यांनी त्या कोंड्याचं कौतुक केलं. कोंडा मात्र खरोखरच माझा होता. एवढं एक श्रेय मी मागतो.

त्यानंतर दर वर्षी एक कथा. आणि एक गोष्ट मला जाणवली, पण तिचा अर्थ लागला नाही. साहेबांची प्रतिभा उतरत चालली असं मला वाटू लागलं. आधी त्यांचे खून लवकर व्हायला लागले. एकशे चाळीस पानं लागणारा माणूस तिसऱ्या पानावर मारू लागला, आणि कथा बरोबर बारा पानांत संपू लागल्या. मग त्यांच्या खेड्यातला बर्फ बंद झाला. मग त्यांच्या माणसांनी डुकराचं मांस खाणं सोडलं. इंग्लंडातल्या खेड्यात लोक दुपारी भात जेवू लागले आणि दारात बूट काढून घरात जाऊ लागले. एका कथेत कुणाची तरी आत्या तेलात गोल गोल वळ्यांचा तिखट पदार्थ तळत होती. टाईप करताना माझा हात थांबला. मी म्हणालो, साहेब, तुमच्याकडे लोक दारात बूट काढत नाहीत.

"ह्या गावात काढतात," ते म्हणाले.

मी घरी येऊन हिला म्हटलं, साहेबांचं वय झालं. ती पोळ्या लाटत होती, तिने मान वर केली नाही. प्रकाशकालाही तसंच वाटलं असावं. त्यांचं पत्र साहेबांनी मला वाचून दाखवलं. तुमच्या गावात अलीकडे फार भात शिजतो, आमच्या वाचकांना हे गाव ओळखीचं वाटत नाही, सबब क्षमस्व. पत्र घडी घालून त्यांनी वहीत ठेवलं आणि मला बिस्किट दिलं. मला त्यांची दया आली. दया आली आणि सोयही वाटली, कारण आता ह्या कथा इंग्रजीत कुठेच छापून येणार नव्हत्या. म्हणजे पकडलं जाण्याची भीती गेली. इतका हलका विचार मी केला, हे आज लिहिताना हाताला जड जातं.

आणखी एक सवय होती. जून आला की ते विचारत, ह्या वर्षी दिवाळी कधी? आमच्याकडून त्यांना दर दिवाळीला फराळाचा डबा जाई आणि चकलीवर त्यांचा फार जीव होता, तेव्हा मला त्यात नवल वाटलं नाही. मी तारीख सांगितली की ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहीत, बोटांनी उलटे दिवस मोजत, आणि सप्टेंबर संपायच्या आत नवी कथा माझ्या हातात पडे. एकदाही उशीर नाही.

दहा कथा झाल्या तेव्हा मंडळाने माझा सत्कार ठेवला, ऊद मेथाच्या एका शाळेच्या सभागृहात. हिने परस्पर साहेबांना आमंत्रण दिलं. मी वर जाऊन त्यांना सांगितलं की मंडळाचा जुना सभासद म्हणून सत्कार आहे, भाषणं सगळी मराठीत असतील, तुम्ही कंटाळाल. ते आले. टाय लावून, शेवटच्या रांगेत बसले. अध्यक्ष केळूसकरांवर पंधरा मिनिटं बोलले. लोक हसत होते तेव्हा साहेब हसत होते, टाळ्या पडत होत्या तेव्हा टाळ्या वाजवत होते. मला वाटलं, बिचारे शेजाऱ्याकडे बघून वाजवतायत. शाल खांद्यावर घेऊन मी खाली आलो. त्यांनी माझ्या हातातला नारळ मागून घेतला, तळहातावर जरा तोलून पाहिला आणि परत दिला. "वेळेवर देणारा माणूस दुर्मीळ असतो," ते म्हणाले. गाडीत परतताना मुलगा इंग्रजीत विचारत होता की बाबांना नारळ का दिला.

चार वर्षांपूर्वी साहेब न्हाणीघरात घसरून पडले आणि कमरेचं हाड मोडलं. भाची येऊन त्यांना इंग्लंडला घेऊन गेली. विमानतळावर जाताना व्हीलचेअरमध्ये बसून ते गाडीत चढवायला जी फळी लावली होती तिच्याबद्दल सूचना देत होते. त्यानंतर केळूसकर बंद झाले. लोकांनी विचारलं तर मी म्हणायचो, आता लिहवत नाही. तेवढं वाक्य खरं होतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी त्यांना फोन करी. तीन वर्षांत पस्तीस वेळा तरी केला असेल, आणि प्रत्येक वेळी आज सांगू असं ठरवून केला. ते विचारत, तिकडे काय नवीन? मी हवा सांगायचो. जूनमध्ये ते दिवाळी विचारत. मागच्या हिवाळ्यात भाचीचाच फोन आला. झोपेत गेले, म्हणाली. त्यांच्या इतर कोणत्याही पात्राला इतक्या सहज त्यांनी जाऊ दिलं नव्हतं.

ह्या जुलैत तिच्याकडून एक खोकं आलं. त्यात एक फाईल होती, कारखान्याच्या पद्धतीने क्रमांक घालून लावलेली. उघडली तर माझीच सतरा कथांची पानं. आपल्या दिवाळी अंकातून फाडलेली, सगळी, सालवार. मग चष्मा पुसून नीट पाहिलं. प्रत्येक पानावर तेलाचे डाग होते. गोल, एकाच्या आत एक वळ्यावळ्यांचे. साहेबांबरोबर इतकी वर्षं काढून तेवढा तपास मलाही जमला.

मी स्वयंपाकघरात गेलो आणि तिच्यासमोर पानं ठेवली. तिने हात पुसले.

"दर वर्षी डब्यात चकलीखाली मी हाच कागद घालत होते," ती म्हणाली. "तुमच्याकडे पाच अंक यायचे, एक गेला तरी कळायचं नाही तुम्हाला."

"पहिल्यापासून?"

"पहिल्या वर्षी वाट बघितली, तुम्ही सांगाल म्हणून. मग म्हटलं, निदान त्यांना कळू दे. पुढे ते डबा परत द्यायला आले की मी चेहरा बघायची. ते कधी काही बोलले नाहीत, मग मी काय बोलू?"

म्हणजे पहिल्या कथेचीही पानं तिने दुसऱ्या वर्षी सोबत दिली होती. पण मराठी त्यांना वाचून कोणी दाखवलं? ह्या प्रश्नाला फार शोधावं लागलं नाही. एसीवाला आता सुपरवायझर झाला आहे, तरी आमच्या इमारतीत स्वतः येतो. त्याला बसवून विचारलं तर तो आधी टोपीशी खेळत राहिला.

"साहेब दर वर्षी दिवाळीनंतर सुट्टीच्या दिवशी बोलवायचे, काका. एसी ठीकच असायचा. मी वाचायचो आणि हिंदीत, तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगायचो. ते पेन्सिल घेऊन बसायचे. कोंड्याच्या गोष्टीला तर इतके खूश झाले. म्हणाले, बर्फापेक्षा हे चांगलं आहे."

"रागावले नाहीत?"

"नाही ओ. पहिल्यांदा एकच विचारलं, ही लोकं वाचतात का खरंच? मी म्हटलं, साहेब, आमच्या खोलीत सहा जण आहोत आणि अंक एक आहे, नंबर लागतो. तर उठून खिडकीशी गेले. मग बोलले, बारा पानांच्या वर जाऊ नये ना, नंबर लवकर येतो."

तो गेल्यावर मी फाईलचं शेवटचं पान काढलं. ते कारखान्याच्या अपघात अहवालाचा जुना फॉर्म होता, पेन्सिलने भरलेला. तारीख कोंड्याच्या कथेनंतरच्या नोव्हेंबरातली. म्हणजे पंधरा कथा ते माझ्यासाठी लिहीत होते. छे, माझ्यासाठी नाही. त्या सहा जणांसाठी, आणि सभागृहात हसणाऱ्यांसाठी. प्रकाशक गेला तो भातामुळे, आणि भात त्यांनी जाणूनबुजून शिजवला. फॉर्मवर नेहमीप्रमाणे कोणाचं नाव नाही. काय घडलं: दोन कथा एका भाषेतून दुसऱ्या भाषेत गेल्या. इजा: नाही. नुकसान: शोधलं, आढळलं नाही. मूळ कारण: माहीत आहे. पुढील कारवाई: नवी कथा देणे. कोणी: मी स्वतः. कधीपर्यंत: सप्टेंबरअखेर.

नुकसान आढळलं नाही, असं त्यांनी लिहिलं. त्यांच्या अहवालात चूक काढायची माझी कधी हिंमत झाली नाही. आज एकच काढतो. माणसाला वाचक मिळाले आणि त्या वाचकांना तो मिळाला नाही, हे नुकसान आहे. शेवटच्या रांगेतून त्याला स्वतःसाठी पडणाऱ्या टाळ्यांत आपल्याही दोन टाळ्या मिसळाव्या लागल्या, हे नुकसान आहे. मी मंचावर शाल घेऊन उभा होतो, मला ते दिसायला हवं होतं.

परवा मंडळाच्या अध्यक्षांना फोन करून सगळं सांगितलं. ते मुलाच्या वयाचे आहेत, चांगले आहेत. ते म्हणाले, "काका, टेन्शन नका घेऊ. कव्हर फायनल झालंय. आत कुठेतरी ऋण म्हणून त्यांचं नाव टाकू ना. लोकांना आता काय फरक पडतो?" मी म्हटलं, एकदा जाहिरातीसाठी ती ओळ उडाली, आता नको. मुखपृष्ठावर त्यांचं नाव मोठं, माझं खाली लहान, मराठी रूपांतर करणारा म्हणून. आणि प्रकाशनाच्या दिवशी ठेवलेला माझा सत्कार रद्द. नसेल जमत तर पुस्तक काढू नका, मी परवानगी देत नाही. अध्यक्षांनी सुस्कारा टाकला. "बरं, मग लोकांना हे सगळं समजावणारं काहीतरी तुम्हीच लिहून द्या. पण अंकाची तारीख माहितेय ना? सप्टेंबरअखेर. त्यानंतर खलास."

साहेबांच्या फॉर्मवरचीच ती तारीख त्यांच्या तोंडून ऐकली आणि मी फोन ठेवून टाईप करायला बसलो.

हा माझा अहवालच आहे, म्हणून साहेबांचं नाव मी इथे लिहिलेलं नाही. अहवालात नाव घालायचं नाही, हा त्यांचा नियम ह्या एका कागदापुरता पाळतो. नाव पुस्तकावर येईल, ते वीस वर्षांपूर्वीच छापून यायला हवं होतं. पहिल्या सहा प्रती सोनापूरच्या त्या खोलीत जातील, म्हणजे नंबर लावायला नको.

आज अठ्ठावीस तारीख. दोन दिवस हातात ठेवून मजकूर तयार आहे. टाईप करून झाला की वर नेऊन दाखवायची सवय होती. तिथे आता केरळचं एक कुटुंब राहतं, दारात लहानमोठे आठ बूट असतात. तेव्हा हिलाच बसवून वाचून दाखवला. तिने डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

"बरं झालंय," ती म्हणाली, "पण मुद्द्यावर यायला फार पानं घेतलीत."

साहेबांनाही सगळे हेच म्हणत.